रक्तदात्यांच्या फायलीचा तपासनीस

मी एक जुना तपासनीस आहे, मित्रांनो. तपासनीस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शाळेत येऊन वह्या उलटसुलट करणारे साहेब उभे राहतील. मी तसा नाही. मला ना पोट, ना चष्मा, ना जीपगाडी. मी संगणकात राहणारा एक छोटासा प्रोग्राम आहे. इतका छोटा, की मला स्वतःची खिडकीसुद्धा नाही. रंगीत चित्रं, गोल बटणं, फिरणारा बाण, हे काही माझ्या नशिबी आलं नाही. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप करायचं, पुढे फायलीचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं, की मी कामाला लागतो. काम संपलं की चार ओळी लिहून गप्प बसतो.

कान नाहीत तर मी सगळं ऐकलं कसं, असं मात्र विचारू नका. छत्री आणि फळा आपापली कहाणी सांगतात तेव्हा तुम्ही निमूटपणे ऐकून घेता. मग मलाच का आडवे प्रश्न?

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे, एका थंडगार देशात झाला. ज्यांनी मला लिहिलं ते माझ्यासाठी फार हळवे होते असं वाटत नाही. त्यांचा जीव माझ्या मोठ्या भावावर होता, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डेटाबेसवर. तो बिघडला तर कोणीतरी तपासायला हवं, म्हणून त्याच्या पाठोपाठ मला घडवलं. एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवर बसून मी चंद्रपूरला पोचलो. तिथे जटपुरा गेटच्या अलीकडे जुबेर नावाच्या तरुणाचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने एका जुन्या संगणकावर आम्हा दोघा भावांना उतरवून घेतलं, आणि एके दिवशी तो संगणक गोधडीत गुंडाळून एसटीच्या सीटवर ठेवला. शेजारी त्याची बहीण जमीला बसली. गडचिरोली मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं. खड्डा आला की जमीला संगणकाला असा हात लावायची, जणू तान्हं पोर उठेल.

ती धानोरा तालुक्यातल्या एका लहानशा दवाखान्यात नोकरीला होती. दवाखाना एका संस्थेचा. चार खोल्या, एक ओसरी, मागे स्वयंपाकघर. त्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्यात रक्ताच्या पेशी वाकड्या होतात, मूल पांढरंफटक पडतं, हातपाय ठणकतात, आणि कधी कधी दुसऱ्याचं रक्त दिल्याशिवाय भागत नाही. म्हणून दवाखान्याची माणसं गावोगाव शिबिरं घ्यायची. कोणाचा रक्तगट काय, कोण रक्त द्यायला तयार आहे, कोणाचं रक्त कोणाला चालतं, ही सगळी माहिती आधी कागदावर असायची. ते कागद एका पावसाळ्यात वाळवीने फस्त केले. वाळवीला सिकलसेलशी काय देणंघेणं! तेव्हापासून कागद आला की जमीला तो संगणकात उतरवू लागली.

आता फाईल बिघडते म्हणजे काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला सोपं जाईल. संगणकात एका माणसाची एक ओळ असते. या सगळ्या ओळी एका मोठ्या फायलीत राहतात. कुठली ओळ कुठे आहे त्याचे पत्ते शेजारच्या लहान फायलीत असतात. दोघींचं एकमेकींशी जुळलं की सगळं ठीक. पण लिहिता लिहिता मध्येच वीज गेली तर ओळ अर्धवट राहते, पत्ता एकीकडे आणि माणूस भलतीकडे. बाहेरून पाहाल तर संगणक ठणठणीत दिसतो. आत जाऊन पाहायचं काम माझं.

माझा स्वभावही जरा विचित्र आहे. माझ्या नावापुढे एक आडवी रेघ आणि एक अक्षर लिहितात. एका अक्षराने मी नुसता पाहतो, कशाला हात लावत नाही. दुसऱ्या अक्षराने झपाट्याने दुरुस्ती करतो, आणि जी ओळ मला धड वाटत नाही ती टाकून देतो. तिसऱ्या अक्षराने मी म्हातारा होतो. एकेक ओळ चाचपत, खालीवर पाहत, अर्धवट ओळीचं टोक शोधत हळूहळू सरकतो. कुठलं अक्षर लिहायचं हे मात्र माणसाने ठरवायचं असतं.

एसटी सुटण्याआधी जुबेर जमीलाला म्हणाला होता, "दो बातें याद रख. इसको चलाने के पहले डेटाबेस बंद करना. और मरम्मत के पहले फाइल की कॉपी. पहले कॉपी, फिर हाथ लगाना."

"आणि फाईल बिगडलीच नाई तर?" जमीलाने हसत विचारलं होतं.

"तो भी एक कॉपी चंद्रपूर भेजती रहना, एसटी से."

हे एसटीचं काम तिने पुढच्या महिन्यावर ढकललं, मग त्याच्या पुढच्या. माणसांचं असंच चालतं. मीही वर्षभर डिस्कच्या एका कोपऱ्यात नुसता पडून होतो.

दवाखान्यात कुंताबाई स्वयंपाक आणि साफसफाई करायची. ती ढिवराची, तिचा नवरा उमाजी तलावात जाळं टाकायचा. त्यांची मुलगी दामिनी सहा-सात वर्षांची होती आणि तिला सिकलसेल होता. म्हणूनच कुंताबाईने गाव सोडून दवाखान्याच्या मागच्या खोलीत संसार मांडला होता. ज्या पेटीत आपल्या मुलीची माहिती आहे त्या पेटीवर, म्हणजे आमच्या संगणकावर, तिचा भारी जीव. रोज ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसायची. दसऱ्याला झेंडूचं फूल ठेवायची. आणि वीज कडाडली, की हातातली पळी टाकून धावत येऊन मेन स्विचचा खटका पाडायची.

ही तिची एकटीची रीत नव्हती. त्या मुलखात वीज कुठे पडेल याचा नेम नाही. झाडावर पडते, गोठ्यावर पडते, तारेतून घरात शिरते आणि टीव्ही, पंखा, जे सापडेल ते जाळून जाते. म्हणून गडगडलं की घरोघर पहिलं काम खटका पाडायचं. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त आमच्या संगणकाशेजारी बॅटरीची एक पेटी होती. लाईन गेली तरी ती थोडा वेळ संगणक चालू ठेवायची आणि त्या वेळात टिटिट टिटिट असा आवाज करायची. कुंताबाईला तो आवाज ऐकवत नसे.

"काऊन रडते बाप्पा ही?" असं म्हणून ती तिचंही बटण दाबून टाकायची. पेटी गप्प व्हायची, आणि तिच्याबरोबर आम्हीही. कुंताबाईला वाटायचं, निजवलं बिचारीला.

बहुतेक वेळा संगणक रिकामाच असायचा, त्यामुळे निभावून गेलं. पण मार्च सरत आला होता, मोहाची फुलं टपटप गळत होती, आणि एका दुपारी आभाळ अवकाळी भरून आलं. जमीला शिबिरातली नवी माहिती संगणकात चढवायला लावून मागे जेवायला बसली होती. माझा मोठा भाऊ ओळीमागून ओळ लिहीत होता. तेवढ्यात जवळच कुठेतरी वीज पडली. कुंताबाई धावत आली. खटका पडला. पेटी रडू लागली, तिचंही बटण दाबलं गेलं. भावाच्या हातातली ओळ तशीच अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दामिनी कण्हू लागली. ओठ पांढरे, डोळे पिवळसर, उठून बसायची ताकद नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "हिला आजच रक्त द्यावं लागेल. उद्यापर्यंत थांबता येणार नाही."

कुंताबाईने लगेच हात पुढे केला. "माया घ्या ना बाई. लागन तेवढं घ्या."

"तुझं तिला चालत नाही, कुंताबाई. आपण तपासलंय ना मागे."

खरंच होतं ते. आधी बऱ्याच बाटल्या चढवल्यामुळे दामिनीच्या अंगाने आता बहुतेकांचं रक्त नाकारायला सुरुवात केली होती. चुकीचं रक्त चढलं तर फायदा राहिला बाजूला, पोर हातची जायची. नागपूरला सगळ्यांचे नमुने पाठवून, कोणाचं रक्त तिला चालेल ते शोधून आणलं होतं. ते उत्तर जमीलाने संगणकात लिहिलं होतं. तो नागपूरचा कागदही पुढे अर्थातच वाळवीच्या पोटात गेला होता. नागपूरला विचारावं तर वादळाने टेलिफोन मुका झालेला. कुंताबाईने हात मागे घेतला आणि पदराने तोंड पुसलं. आईला आपलंच रक्त आपल्या लेकराच्या कामाचं नाही हे ऐकावं लागतं, याहून वाईट काय असेल!

जमीलाने संगणक चालू केला. यादी मागितली. माझ्या भावाने उत्तर दिलं की फाईल मोडली आहे, उघडता येत नाही.

दवाखान्याचा कारभार गुणवंतराव पाहायचे. मनाने चांगले, पण पायाला चाकं. ते म्हणाले, "बंद करून चालू कर ना वं एकदा."

"तसं नाई होत भाऊ. हे आतून बिगडलं आहे," जमीला म्हणाली. मग तिने काळा पडदा उघडला, आणि इतक्या दिवसांनी कोणीतरी माझं नाव टाइप केलं.

आधी तिने भावाला बंद केलं. मग मला पहिलं अक्षर दिलं. मी आत शिरलो, नुसतं पाहिलं आणि जे होतं ते सांगितलं. पत्ते जुळत नाहीत, मधल्या काही ओळी फाटल्या आहेत. मित्रांनो, मला गोड बोलता येत नाही. समोरच्याचे डोळे भरलेले आहेत म्हणून मी बिघाड कमी करून सांगत नाही.

"मंग कर ना दुरुस्त!" गुणवंतराव म्हणाले.

"आधी कॉपी काढते." जमीलाने फायलींची नक्कल सुरू केली. आमचा संगणक जुना, डिस्क करकर करणारी. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. शेजारच्या खोलीतून दामिनीचं कण्हणं ऐकू येत होतं.

गुणवंतरावांना राहवेना. "अवं बाई, पोरगी तिकडं तडफडून राह्यली अन् तू नक्कल काढत बसली? त्याच टायमात दुरुस्त झालं असतं!"

जमीलाची बोटं थबकली. मी तिच्या जागी असतो तर माझीही थबकली असती. नक्कल मध्येच थांबवणं म्हणजे एका बटणाचं काम होतं.

दारात कुंताबाई उभी होती. संगणकातलं तिला काडीचं कळत नव्हतं, पण जमीलाचं तोंड तिला कळत होतं. ती म्हणाली, "तिले करू द्या भाऊ. तिच्या मनानं करू द्या."

नक्कल पुरी झाली. मग जमीलाने मला दुसरं अक्षर दिलं आणि मी झपाट्याने कामाला लागलो. धड ओळी ठेवल्या, फाटक्या टाकल्या, नवे पत्ते लिहिले, आणि शेवटी नेहमीसारखी सूचना दिली: ओळींची संख्या पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. भावाला उठवून जमीलाने दामिनीला चालणारं रक्त शोधलं. एकही नाव आलं नाही.

गुणवंतराव मटकन स्टुलावर बसले. "गेलं म्हणजे."

जमीला थोडा वेळ हुंदके देत रडली. मग ओढणीने डोळे पुसून ती म्हणाली, "गेलं कसं? कॉपी आहे ना." तिने माझी दुरुस्त केलेली फाईल बाजूला सारली, मोडकी नक्कल पुन्हा तिच्या जागी आणली आणि मला तिसरं अक्षर दिलं.

त्या सकाळी मी जितक्या हळू चाललो तितका आयुष्यात कधी चाललो नाही. झपाट्यात ज्या ओळी मी फाटक्या म्हणून फेकल्या होत्या, त्यांच्याजवळ थांबलो. एकीचं टोक दुसरीत अडकलं होतं. एकीचा पत्ता चुकला होता, पण आतलं माणूस शाबूत होतं. एकेक सोडवत, जागेवर ठेवत गेलो. बाहेर गुणवंतराव ओसरीवर येरझारा घालत होते. या वेळी घाई करायला ते आत आले नाहीत.

शेवटी मी माझ्या चार ओळी लिहिल्या. जमीलाने पुन्हा शोधलं, आणि पडद्यावर एक नाव आलं. कोलू. जंगलातल्या एका टोल्यावरचा, म्हणजे चार घरांच्या वस्तीवरचा, गोंड माणूस.

"कोलू!" जमीला इतक्या मोठ्याने ओरडली की डॉक्टरीणबाई धावत आल्या.

दवाखान्याची जीप निघाली. ड्रायव्हरबरोबर गुणवंतराव स्वतः गेले. कोलू मोहाच्या झाडाखाली टोपलीत फुलं वेचत होता. रक्त द्यायला त्याची ना नव्हती. अडचण वेगळीच होती. तो म्हणाला, "मी येतो साहेब, पन मोहा कोन राखन? रानडुकरं समदा खाऊन टाकतीन." मोहाचा हंगाम थोडक्या दिवसांचा, आणि त्या फुलांवर घरचं वर्ष निघायचं. गुणवंतरावांनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा झाडाकडे, आणि चपला काढून झाडाखाली बैठक मारली. "तू जा. मी राखतो."

कोलू जीपमधून आला, दामिनी आणि कुंताबाई त्यातच बसल्या, आणि जीप गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्याकडे गेली, कारण रक्त काढून चढवायची सोय तिथेच होती. गुणवंतराव संध्याकाळपर्यंत झाडाखाली होते. नुसते राखत नव्हते, वेचतही होते. परत आले तेव्हा कंबर धरून चालत होते आणि त्यांच्या सदऱ्याला मोहाचा वास येत होता.

दामिनी परतली ती आईच्या कडेवर बसून मुरमुरे खात. ओठांना रंग आला होता. जुबेरने चंद्रपुरात दुकानातल्या प्रत्येकाला माझी गोष्ट सांगितली म्हणे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण कुंताबाईच्या मनात एक काटा राहिला होता. एका दुपारी तिने जमीलाला विचारलं, "हे बिगडलं कशानं वं, पोरी?"

जमीला टाळाटाळ करू लागली. "वीज पडली होती ना मावशी."

"वीज तं भाईर पडली. खटका मी पाडला." कुंताबाई एकेक शब्द चाचपत बोलत होती. "अन् ते रडे, ते बी मीच बंद केलं. मंग माया हातानंच झालं का?"

जमीलाने तिचा हात धरला. "तू वाचवाले पाडला मावशी. मीच तुले कधी सांगतलं नाई. हे लिहून राह्यलं असन तं आधी त्याले थांबवा लागते, मंग खटका. ते रडत नाई, ते मले हाका मारते."

कुंताबाईने एकदा मेन स्विचकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग आता सांग. कसं करू?"

त्या दिवसापासून दवाखान्यात नवी रीत पडली. आभाळ गडगडलं की कुंताबाई धावत येऊन मेन स्विचखाली उभी राहायची, हात खटक्यापर्यंत उचललेला, आणि ओरडायची, "जमीला, झालं का वं?" विजेला ती फार भ्यायची. तिचे डोळे मिटलेले असायचे. पण आतून "झालं मावशी" असं आल्याशिवाय खटका पडायचा नाही. जमीलाही बदलली. शनिवारी ती मला पहिलं अक्षर देऊन नुसतं पाहायला लावायची, काही बिघडलेलं नसतानाही. आणि महिन्याच्या महिन्याला एक नक्कल एसटीने चंद्रपूरला जायची.

नंतर जमीलाचं लग्न झालं, ती वडशाला गेली. दवाखान्यात नवा, सपाट पडद्याचा संगणक आला. त्यात माझ्यासारख्यांना जागा नव्हती. आमचा जुना डबा कोठीत, मच्छरदाण्यांच्या गठ्ठ्याशेजारी जाऊन पडला. काही वर्षं झाली, कोणी माझं नाव टाइप केलेलं नाही. वाईट वाटतं, नाही कसं म्हणू? पण नव्या माणसांवर माझा राग नाही. आपापल्या काळात आपापलं काम झालं म्हणजे पुरे.

मित्रांनो, तुमच्या घरी यंत्र असेल, गाय असेल, धाकटी बहीण असेल. त्यांच्यावर माया करा, हे मी सांगायला नको. पण त्यांना काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे एकदा विचारून घ्या. आणि ती धडधाकट असतील तेव्हाही अधूनमधून नुसतं पाहत जा. कुंताबाईच्या मायेत काही उणं नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितल्यावर ती जशी शिकली तसं शिकणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

नव्या संगणकाला मोठी बॅटरी आहे. लाईन गेली तर तो स्वतःच नीट बंद होतो, त्याला कोणाची गरज नाही. पण परवा पुन्हा आभाळ गडगडलं. कुंताबाई आता थकली आहे, तिला धावता येत नाही. तरी ती भिंत धरत धरत मेन स्विचपाशी आली, हात वर केला, आणि सवयीने जमीलालाच हाक मारली, "जमीला, झालं का वं?"

गडचिरोलीच्या होस्टेलातून सुटीला आलेली दामिनी ओसरीवर केस विंचरत बसली होती. तिथूनच ती ओरडली, "झालं माय, पाड आता."